‘युरोपने ठरवलं’ म्हणजे नक्की कोणी ठरवलं? युरोपियन युनियनच्या कारभाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०१४ च्या एप्रिल अखेरीला मी देवगडला मामाकडे होतो. आंबा उतरवायचं काम जोरात चालू होतं, पडवीत पेंढा पसरून अढी लावलेली, आणि टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती की युरोपने हापूसवर बंदी घातली. मामाने हातातला आंबा खाली ठेवला आणि विचारलं, “युरोपने म्हणजे रे कोणी?” मला तेव्हा सांगता आलं नाही आणि ते मनाला लागलं, कारण मामाचा प्रश्न एकदम बरोबर होता. युरोप काही बंदी घालत नाही, कुठल्या तरी खोलीत बसलेली कुठली तरी माणसं घालतात. तेव्हापासून वाचत गेलो, एकदा जाऊन बघूनही आलो, आणि आता स्पर्धा परीक्षेची पोरं, जर्मनीला नोकरीला गेलेली भाचरं, नाशिककडचे द्राक्षवाले मित्र सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

ईयू (म्हणजे युरोपियन युनियन) हा देश आहे का संघटना?

दोन्ही नाही, आणि इथेच सगळ्यांची गाडी अडते. ईयूमध्ये २७ देश आहेत, स्वतःचं पार्लमेंट आहे, कोर्ट आहे, कायदे आहेत, बऱ्याच देशांत चालणारं एक चलन आहे. पण स्वतःचं सैन्य नाही, रस्त्यावर उभा राहणारा पोलीस नाही, घरोघरी टॅक्स गोळा करणारं खातं नाही. कायदा ब्रसेल्सला होतो आणि तो राबवतात त्या त्या देशाचे कलेक्टर, कस्टमवाले, पोलीस आणि कोर्ट.

आपल्याला समजायला सार्क घ्या. सार्कमध्ये एका देशाने नाही म्हटलं की विषय संपला. ईयूमध्ये बऱ्याच विषयांत तुमचा देश विरोधात मत देऊ शकतो, हरू शकतो, आणि हरल्यावरही तो कायदा त्याला पाळावा लागतो. देशाच्या वरचं म्हणतात ते ह्याला, पुस्तकात अधिराष्ट्रीय असा शब्द येतो.

आपल्याकडे राज्यघटनेत केंद्राची सूची, राज्याची सूची, समवर्ती सूची आहे ना, तशीच विभागणी तिथेही आहे. कस्टम ड्युटी, बाहेरच्या देशांशी व्यापार, कंपन्यांमधली स्पर्धा, युरोचं व्याजदर धोरण हे पूर्ण ईयूकडे. शेती, पर्यावरण, ग्राहक हक्क हे दोघांत मिळून. शाळा, दवाखाने मुख्यतः देशांकडे. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे, की तिथे मालक देश आहेत. अधिकार त्यांनी करार करून वर दिलेत आणि देशाला बाहेर पडायचा रस्ता कलम ५० मध्ये लिहून ठेवलाय, ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला त्याच रस्त्याने गेला.

हे सगळं सुरू कुठून झालं?

कोळसा आणि लोखंडापासून. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान म्हणाले की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि स्टील एकाच सामाईक संस्थेच्या हातात देऊया, म्हणजे एकाने गुपचूप तोफा ओतायला घेतल्या तर दुसऱ्याला कळेल. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग अशा सहा देशांनी १९५१ मध्ये पॅरिसला करार केला. त्यातली जी ‘हाय ऑथॉरिटी’ होती तिचे पहिले अध्यक्ष जाँ मोने, आणि आजचं युरोपियन कमिशन हे त्याच झाडाचं खोड आहे. पुढे १९५७ ला रोम, १९९२ ला मास्ट्रिख्ट (युनियन हे नाव इथून), २००७ ला लिस्बन. आज जो कारभार चालतो तो लिस्बन कराराप्रमाणे, १ डिसेंबर २००९ पासून.

मला कौन्सिल तीन दिसतात, तिन्ही एकच का?

नाही हो, आणि हा घोळ भल्याभल्यांचा होतो, मराठी पेपरात तर कायमच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली युरोपियन कौन्सिल. इथे बसतात पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः, म्हणजे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष, जर्मनीचे चान्सलर, इटलीच्या पंतप्रधान वगैरे. दर सहा महिन्यात कमीत कमी दोन वेळा भेटतात, प्रत्यक्षात जास्तच. हे कायदे करत नाहीत. मोठी दिशा ठरवायची, अडलेला गाडा बाहेर काढायचा, मोठ्या पदांवर माणसं सुचवायची हे ह्यांचं काम.

दुसरी नुसती कौन्सिल, जिला मंत्र्यांची कौन्सिल म्हटलं की डोक्यात पक्कं बसतं. इथे विषयाप्रमाणे मंत्री बदलतात, शेतीचा विषय असेल तर २७ कृषिमंत्री, पैशाचा असेल तर २७ अर्थमंत्री, अशा एकूण दहा प्रकारच्या बैठका असतात पण कागदोपत्री कौन्सिल एकच. कायद्यावर मतदान इथे होतं. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी देशादेशात फिरतं, २०२५ च्या दुसऱ्या सहामाहीत डेन्मार्क होता, २०२६ च्या पहिल्या सहामाहीत सायप्रस, नंतर आयर्लंड. फक्त परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीला ही पाळी लागू नाही, तिथे ईयूच्या परराष्ट्र प्रतिनिधी बसतात, सध्या काया कालास, ज्या आधी एस्टोनियाच्या पंतप्रधान होत्या.

आणि मंत्री हे हिमनगाचं टोक आहे हे पण लक्षात घ्या. खरी घासाघीस त्यांच्या खाली होते, प्रत्येक देशाचा ब्रसेल्समध्ये कायमचा राजदूत असतो, हे राजदूत आणि त्यांचे डेप्युटी आठवड्याला भेटतात, आणि त्यांच्याही खाली दीडशेच्या वर कार्यगट. जे तिथे मिटतं त्यावर मंत्री चर्चासुद्धा करत नाहीत, सरळ मंजूर.

तिसरी कौन्सिल ऑफ युरोप, तिचा ईयूशी संबंध नाही. ती १९४९ ची वेगळी संघटना, ४६ देश, मुख्यालय स्ट्रासबर्ग, मानवाधिकाराचं कोर्ट तिचं. गोंधळ व्हायचं कारण म्हणजे निळ्यावर बारा सोनेरी चांदण्यांचा झेंडा मूळ तिचा, १९५५ चा, ईयूने नंतर तोच घेतला. चांदण्या बाराच आहेत आणि देशांच्या संख्येशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

मग प्रमुख कोण?

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाची परेड बघितली असेल तर आठवा, प्रमुख पाहुणे दोन होते. उर्सुला फॉन डेर लायन आणि अंतोनियो कोस्टा. माझ्या बहिणीने तेव्हाच फोन करून विचारलं की दोघं कशाला, एक नवरा एक बायको आहेत का. तर नाही, दोघं दोन संस्थांचे अध्यक्ष आहेत. फॉन डेर लायन कमिशनच्या अध्यक्ष, म्हणजे रोजचा कारभार, कायद्याचे मसुदे, व्यापाराच्या वाटाघाटी. कोस्टा युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष, म्हणजे २७ देशांचे प्रमुख ज्या टेबलाभोवती बसतात त्या टेबलाचे. तिसऱ्या अध्यक्ष पार्लमेंटच्या, माल्टाच्या रोबेर्ता मेत्सोला.

ही वाटणी त्यांनाही सोपी जात नाही. ६ एप्रिल २०२१ ला अंकाऱ्याला तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन ह्यांच्या भेटीला तेव्हाचे कौन्सिल अध्यक्ष शार्ल मिशेल आणि फॉन डेर लायन दोघं गेले, खोलीत मोठ्या खुर्च्या दोनच, मिशेल बसले आणि फॉन डेर लायन उभ्याच राहिल्या, मग बाजूच्या सोफ्यावर. तो व्हिडिओ जगभर फिरला. वरवर शिष्टाचाराची चूक वाटते, पण आत हाच प्रश्न होता की युरोपच्या वतीने बोलणारा माणूस कोण, आणि त्याचं एका नावात उत्तर करारातच दिलेलं नाही.

माझा सल्ला असा की प्रमुख शोधत बसू नका. समोरचा माणूस कोणाच्या नावाने तिथे बसलाय ते विचारा. कमिशन बसतं सगळ्या युनियनच्या नावाने, दोन्ही कौन्सिल बसतात देशांच्या नावाने, पार्लमेंट बसतं लोकांच्या नावाने. हे एवढं धरलं की बाकी बरंचसं आपोआप सुटतं.

कोस्टा खरंच गोव्याचे?

वडिलांच्या बाजूने हो. वडील ऑर्लांदो द कोस्टा लेखक होते, घराणं मडगावचं, तिथे अजून घर आहे आणि नातेवाईक आहेत. अंतोनियो स्वतः लिस्बनला जन्मले, १९६१ मध्ये, घरी त्यांना ‘बाबुश’ म्हणतात, कोंकणीत लहान पोराला म्हणतात तसं. पोर्तुगालचे आठ वर्षांच्या वर पंतप्रधान होते, २०१७ मध्ये त्यांना ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी माणसाला मिळतं ते, मिळालं. १ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष, मुदत अडीच वर्षं आणि एकदाच वाढवून मिळते. पण ह्या पदाला बैठकीत मत नसतं. २७ जणांना एका कागदावर आणायचं, एवढंच हत्यार. ज्यांनी गावच्या देवस्थानाची मीटिंग चालवलीय त्यांना हे काम किती अवघड ते लगेच कळेल.

कमिशन म्हणजे मंत्रिमंडळ का?

जवळपास. प्रत्येक देशाचा एक असे २७ कमिशनर, प्रत्येकाकडे खातं, पाच वर्षं मुदत, आणि खाली साधारण ३२ हजार कर्मचारी, म्हणजे खंडाचा कारभार बघायला एवढेच. मुख्य इमारत ब्रसेल्सची बेर्लेमाँ.

कमिशनर देश पाठवतो पण शपथ घेतल्यावर त्याने देशाचं ऐकायचं नसतं. आपल्याकडे आपल्या जिल्ह्याचा माणूस दिल्लीत मंत्री झाला की जिल्ह्यासाठी काहीतरी आणेल अशी आशा असते, तिथे अशी आशा जाहीर बोलून दाखवणं म्हणजे त्या माणसाला अडचणीत आणणं.

नेमणूक तीन चाळण्यांतून होते. आधी युरोपियन कौन्सिल अध्यक्षाचं नाव सुचवते, पार्लमेंट त्याला बहुमताने निवडतं (फॉन डेर लायन ह्यांना जुलै २०२४ मध्ये ४०१ मतं पडली, लागत होती ३६०), मग बाकीच्या प्रत्येकाची पार्लमेंटच्या समितीपुढे तीन-तीन तास तोंडी परीक्षा, आणि शेवटी सगळ्यांवर एकत्र मतदान. ही परीक्षा नावापुरती नसते, २०१९ मध्ये फ्रान्सच्या सिल्वी गुलार्ड ह्यांना नापास केलं होतं, म्हणजे फ्रान्ससारख्या देशाला दुसरं नाव द्यावं लागलं. १९९९ मध्ये तर पैशांच्या गैरव्यवहारावरून जॅक सांतेर ह्यांच्या सगळ्या कमिशनने एका रात्रीत राजीनामा दिला, कारण पार्लमेंट घालवणार हे दिसत होतं.

कायदा नक्की कसा होतो? एखादं साधं उदाहरण द्या.

तुमच्या हातातल्या फोनचं घ्या. चार्जिंगचं भोक आज जवळजवळ सगळ्या नव्या फोनला सी टाईप आहे, आयफोनलाही १५ नंबरपासून. ते ह्याच कारखान्यातून आलं.

२००९ मध्ये कमिशनने कंपन्यांना सांगितलं तुम्हीच आपसात ठरवा. तेव्हा चार्जर तीसेक प्रकारचे होते, ते तीनवर आले पण एक काही होईना. शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये कमिशनने कायद्याचा मसुदा मांडला. मसुदा मांडायचा हक्क जवळपास सगळ्या विषयांत एकट्या कमिशनचा, पार्लमेंट फक्त ‘असा कायदा आणा’ अशी मागणी करू शकतं. मग तोच मसुदा दोन टेबलांवर जातो, एकीकडे पार्लमेंटची समिती त्यात दुरुस्त्या घालते, दुसरीकडे कौन्सिलचे कार्यगट. नंतर तिन्ही बाजूंचे मोजके लोक बंद खोलीत बसून जुळवाजुळव करतात, ह्याला तिथे ट्रायलॉग म्हणतात. चार्जरचा ट्रायलॉग ७ जून २०२२ ला जुळला, ४ ऑक्टोबरला पार्लमेंटने ६०२ विरुद्ध १३ मतांनी पास केला, त्याच महिन्यात कौन्सिलने, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला लागू, लॅपटॉपला एप्रिल २०२६ पासून. रत्नागिरीच्या मोबाईलच्या दुकानात ज्याच्या त्याच्या हातात एकच केबल दिसते ती अशी आली.

मला ह्यातली ट्रायलॉगची पायरी खटकते हे स्पष्ट सांगतो. कायद्यातली खरी देवाणघेवाण तिथे होते आणि तिथेच कॅमेरा नसतो. काम वेगाने होतं हे मान्य, पण कोणी काय सोडलं हे लोकांना नंतर, तेही तुकड्यातुकड्यात कळतं.

रेग्युलेशन आणि डायरेक्टिव्हमध्ये काय फरक?

रेग्युलेशन पास झालं की सगळ्या देशांत जसंच्या तसं लागू, मधे कोणाची सही लागत नाही. डायरेक्टिव्हमध्ये ध्येय आणि मुदत ईयू ठरवते, कायदा ज्याने त्याने आपल्या संसदेत करायचा. चार्जरवालं डायरेक्टिव्ह होतं. लोकांच्या डेटाबद्दलचं जीडीपीआर हे रेग्युलेशन.

पार्लमेंट एक आणि शहरं तीन, हे खरं आहे का?

खरं आहे. मोठं अधिवेशन फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला वर्षातून बारा वेळा, समित्यांचं काम ब्रसेल्सला, आणि सचिवालयाचा भाग लक्झेंबर्गला. दर महिन्याला कागदपत्रांच्या पेट्या ट्रकात भरून ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जातात, चार दिवसांनी परत. पैसा आणि वेळ वाया जातो हे खासदारच सांगतात, पण हे करारात लिहिलेलं आहे आणि करार बदलायला सगळ्या देशांची संमती लागते, त्यात फ्रान्स आलाच.

मी गेलो होतो ते कार्ल्सरुहहून, भाचा तिथे राहतो. रेल्वेने केलपर्यंत, तिथून साधी ट्राम, ऱ्हाईन नदीवरचा पूल ओलांडला की फ्रान्स, कोणी पासपोर्ट विचारला नाही. ज्या नदीच्या दोन काठांनी एकमेकांवर इतकी वर्षं तोफा डागल्या तिथे शाळेची पोरं दप्तर घेऊन ट्रामने ये-जा करत होती. गॅलरीत बसल्यावर कानाला हेडफोन, बाजूला भाषा बदलायचं बटण, २४ भाषा, आणि गोल सभागृहाच्या वर काचेच्या खोल्यांमधून दुभाषी बोलतायत. मतदान सुरू झालं तेव्हा अध्यक्षांनी इतक्या भराभर कलमं पुकारली की हात वर, हात खाली, मंजूर, हात वर, हात खाली, नामंजूर, दुभाष्यांची धाप मला हेडफोनात ऐकू येत होती. आणि एक गोष्ट नीट बघितली, खासदार देशाप्रमाणे बसत नाहीत, पक्षांच्या गटाप्रमाणे बसतात, म्हणजे माल्टाचा माणूस फिनलंडच्या बाईशेजारी, कारण दोघं एकाच विचाराच्या गटातले. आधी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर पटलं की हे मंत्र्यांच्या कौन्सिलपेक्षा खरंच वेगळं आहे.

एकूण जागा ७२०, जर्मनीला ९६, माल्टाला ६. जर्मनीत एक खासदार आठ लाखांच्या वर लोकांमागे आणि माल्टात लाखाच्या आत. छोट्यांना मुद्दाम जास्त वजन दिलंय, नाहीतर त्यांचा आवाजच राहणार नाही. थेट निवडणूक १९७९ पासून, दर पाच वर्षांनी, मागची जून २०२४ ला झाली.

कौन्सिलमध्ये मतं कशी मोजतात? आणि एक देश अडवू शकतो म्हणतात ते?

बहुतेक कायद्यांना दुहेरी बहुमत लागतं. २७ पैकी १५ देश हो म्हणायला हवेत आणि त्या देशांत मिळून युनियनची ६५ टक्के लोकसंख्या हवी. म्हणजे नुसते मोठे मिळून छोट्यांना दाबू शकत नाहीत, नुसते छोटे मिळून मोठ्यांना. अडवायला कमीत कमी चार देश लागतात.

पण टॅक्स, परराष्ट्र धोरण, नवीन सदस्य घेणं, सात वर्षांचं बजेट ह्यात एकमत लागतं आणि तिथे एकटा देश गाडी रोखतो. १४ डिसेंबर २०२३ ची रात्र ह्याचं उत्तम उदाहरण आहे. बैठक वरच्या युरोपियन कौन्सिलची, युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या का हा विषय, २६ तयार, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान विरोधात. तासनतास चर्चा झाली, शेवटी जर्मनीचे चान्सलर शोल्झ ह्यांनी त्यांना सुचवलं की तुम्ही जरा कॉफी घेऊन या. ओर्बान खोलीबाहेर गेले आणि मागे राहिलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. हजर राहून नाही म्हणालं तरच एकमत मोडतं, गैरहजेरीने मोडत नाही. नियमात हे बसतं, पण एका खंडाचं परराष्ट्र धोरण कोणाच्या कॉफीवर अवलंबून असावं हे मला बरोबर वाटत नाही, आणि त्या पद्धतीत बदल करायलाही एकमतच लागतं.

मग हापूसवर बंदी कोणी घातली होती?

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. पार्लमेंटने नाही, पंतप्रधानांनीही नाही.

कायदे झाले की त्यातले बारीक नियम ठरवायचं काम कमिशनकडे सोपवलेलं असतं, पण देशांचा लगाम राहावा म्हणून प्रत्येक विषयाला एक समिती असते, त्यात प्रत्येक देशाच्या खात्याचे तज्ज्ञ अधिकारी आणि अध्यक्ष कमिशनचा माणूस. अशा शेकडो समित्या आहेत आणि त्यांच्या खोलीबाहेर टीव्हीवाले उभे नसतात. झाडांच्या आरोग्याची अशीच एक कायमची समिती होती. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि असल्या किडी सापडल्या, त्यावरून मार्च २०१४ मध्ये ह्या समितीने बंदीला मान्यता दिली, एप्रिलमध्ये कमिशनचा लेखी निर्णय निघाला आणि १ मेपासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद. ऐन हंगामात.

आपला आंबा युरोपात सगळ्यात जास्त घेत होतं ब्रिटन. तिथल्या व्यापाऱ्यांनी, खासदारांनी आरडाओरडा केला. पण ब्रिटन तेव्हा ईयूत होता आणि बाहेरून काय आत घ्यायचं हे एकट्याने ठरवायचा हक्क त्याच्याकडे नव्हता. अधिराष्ट्रीय म्हणजे काय हे एका पेटीवर समजतं, लंडनचं गिऱ्हाईक तयार, देवगडचा बागायतदार तयार, आणि अधिकार तिसऱ्याच खोलीत.

मग भारताने पॅकहाऊसची तपासणी कडक केली, आंब्यावर गरम पाण्याची किंवा गरम वाफेची प्रक्रिया सक्तीची झाली, युरोपचं तपासणी पथक येऊन बघून गेलं, आणि २० जानेवारी २०१५ ला त्याच समितीने आंब्यावरची बंदी उठवायला मत दिलं, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या जवळपास वर्षभर आधी. ज्या खोलीत दार लागलं त्याच खोलीत उघडलं, भाषणांपेक्षा कागद आणि नोंदी घेऊन गेलो म्हणून.

कोर्टाचं काय? तिथे साधा माणूस जाऊ शकतो?

थेट जाणं अवघड, पण वळसा घालून नक्की. ईयूचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे, प्रत्येक देशाचा एक न्यायाधीश. कुठल्याही देशातल्या लहान कोर्टात तुमचा खटला चालू असताना ईयूच्या कायद्याचा अर्थ लागत नसेल तर ते कोर्ट लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतं आणि तिथून आलेलं उत्तर सगळ्या २७ देशांना लागू होतं.

ह्यातला सगळ्यात गाजलेला खटला एका लाईट बिलाचा आहे. इटलीने वीज कंपन्या सरकारी केल्या, मिलानमधल्या फ्लामिनियो कोस्टा नावाच्या वकिलाला ते मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी नव्या कंपनीचं बिल भरलं नाही आणि कोर्टात म्हणाले की हा कायदा युरोपच्या कराराविरुद्ध आहे. (आपले अंतोनियो कोस्टा वेगळे, आडनाव तेवढं सारखं.) बिल किरकोळ होतं, पण १९६४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशाचा कायदा आणि युरोपचा कायदा भिडले तर युरोपचा वर. हे वाक्य कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. सगळी इमारत आज त्या बिलावर उभी आहे असं मी म्हणेन.

आणि न ऐकणाऱ्या देशाला दंड होतो, जून २०२४ मध्ये हंगेरीला आश्रयाचे नियम मोडल्याबद्दल २० कोटी युरो आणि वर दिवसाला १० लाख. नाही भरला तर कमिशन त्या देशाला द्यायच्या पैशातून कापून घेतं.

सेंट्रल बँक आणि ऑडिटवाले राहिले की.

थोडक्यात सांगतो. युरोपियन सेंट्रल बँक फ्रँकफर्टला, अध्यक्ष क्रिस्टीन लगार्ड, काम आपल्या रिझर्व्ह बँकेसारखं पण युरो वापरणाऱ्या देशांपुरतं, बल्गेरिया १ जानेवारी २०२६ ला आल्यावर ते २१ झाले. सरकारांनी बँकेला सूचना द्यायच्या नाहीत हे करारातच आहे. हिशेब तपासनीस न्यायालय लक्झेंबर्गला, नावात न्यायालय आहे पण शिक्षा देत नाही, आपल्या कॅगसारखा अहवाल देतं. पार्लमेंट, दोन कौन्सिल, कमिशन, कोर्ट, बँक आणि हे, अशा सात संस्था झाल्या.

शेंगेन व्हिसा ईयू देते का?

नियम ईयूचे, शिक्का देशाचा. व्हिसाचा कायदा कमिशन, पार्लमेंट आणि कौन्सिलने केलेला, पण तुमचा अर्ज बघतो तो त्या देशाचा कॉन्सुलेट, म्हणून मुंबईत एका देशाने नाकारला आणि दुसऱ्याने दिला असं होतं. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, २९ देश आहेत, त्यातले स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन ईयूत नाहीत, आणि आयर्लंड, सायप्रस ईयूत असून शेंगेनमध्ये नाहीत. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झालीय, तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा मल्टिपल, म्हणजे पुन्हापुन्हा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो. हे ठरवलं कमिशनने.

गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले लोक तिथे मत देतात का?

देऊ शकतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगालचा नागरिक झाला की मास्ट्रिख्ट करारापासून तो आपोआप युनियनचाही नागरिक, म्हणजे २७ पैकी ज्या देशात राहतो तिथून युरोपियन पार्लमेंटला मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. त्याच वेळी भारताचं नागरिकत्व मात्र जातं, हे घरात नीट बोलून मगच ठरवा. इंग्लंडमध्ये स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती ह्याच पासपोर्टवर, ब्रेक्झिटनंतर त्यांना तिथे राहण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागला.

भारत-ईयू व्यापार करार कोण मंजूर करणार?

बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला अडली, २०२२ ला परत सुरू, आणि २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पण जाहीर झालं म्हणजे लागू झालं असं नव्हे. वाटाघाटी कमिशन करतं, तेही कौन्सिलने परवानगी दिल्यावर. मग मजकूर वकिलांकडून तपासायचा, सगळ्या भाषांत करायचा, कौन्सिलने सही मंजूर करायची, आणि पार्लमेंटची संमती. पार्लमेंट त्यात शब्द बदलू शकत नाही, फक्त हो किंवा नाही. नाही म्हणतंसुद्धा, २०१२ मध्ये बनावट मालाविरुद्धचा अॅक्टा करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेकून दिला होता. करारात देशांच्या अखत्यारीतले विषय असतील तर प्रत्येक देशाची संसदही येते, २०१६ ला कॅनडाचा करार बेल्जियममधल्या एकट्या वॉलोनिया प्रांताने काही दिवस रोखून धरला होता.

मी द्राक्ष बागायतदार आहे, मला ह्यातलं कुठे लक्ष ठेवायचं?

तुमच्यासाठी पार्लमेंटच्या बातम्यांपेक्षा फवारणीच्या औषधाचा फळात जो अंश उरतो त्याची मर्यादा महत्त्वाची. इटलीतल्या पार्मा शहरात ईयूची अन्नसुरक्षा संस्था आहे, ती शास्त्रीय मत देते, त्यावर कमिशन मर्यादेचा मसुदा करतं, आणि वर सांगितली तसली देशांच्या अधिकाऱ्यांची समिती मत देते. एखाद्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे जवळपास शून्यच. मर्यादा खाली आणायचा मसुदा निघतो तेव्हा तो जागतिक व्यापार संघटनेकडे आधी कळवला जातो आणि बाहेरच्या देशांना म्हणणं मांडायला साधारण दोन महिने मिळतात. कमिशनच्या साइटवरही बऱ्याच मसुद्यांवर चार आठवडे कोणीही मत लिहू शकतं, बाहेरच्या देशाचा माणूससुद्धा. तुमच्या संघाने त्या वेळी लिहिलं तर ते कागदावर येतं, कंटेनर रॉटरडॅमला अडकल्यावर लिहिलं तर ती नुसती तक्रार राहते.

मामाला हे सगळं मी गेल्या मे महिन्यात पडवीत बसून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या समितीची पुढची बैठक कधी असते ते आधी कळतं का. कळतं, तारीख आणि विषय कमिशनच्या साइटवर लावतात.